दारातला संग

"आणि मग तिला उठवतो कोण?"

उस्तानीबींनी हे विचारलं तेव्हा वकारनं शेवटचं पान नुकतंच खाली ठेवलं होतं. शाबासकीची वाट बघत तो चष्मा पुसत होता.

"राम उठवतो," तो म्हणाला. "म्हणजे माझ्या कथेतला. तो राम नाही. शिकलेला तरुण आहे. त्याची सावली तिच्यावर पडते आणि..."

"पाय लावतो?"

"नाही, उस्तानीबी. आजच्या काळात पाय कसा लावेल? तो आपलं पुस्तक तिच्यावर ठेवतो."

"म्हणजे दगडावर ओझं."

वकार हसला. हसावं की नाही ते न कळून हसला.

"तुझ्या रामाला चष्मा आहे का रे?" उस्तानीबींनी विचारलं.

त्यानं पुसलेला चष्मा गुपचूप डोळ्यांवर चढवला.

खुलताबादच्या वेशीबाहेर, वेरूळचा घाट उतरायला लागतो तिथं उस्तानीबींचं घर. दोन खोल्या, एक पडवी, अंगणात पेरूचं झाड. नाव रहमतबी, पण गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी उर्दू शाळेत अलिफ-बे गिरवायला लावलं, म्हणून सगळ्यांच्याच त्या उस्तानी, मास्तरीणबाई. तरुणपणी त्यांनी उर्दूत अफसाने लिहिले, म्हणजे कथा. एक कथा गांधारीच्या डोळ्यांवरच्या पट्टीची होती. तेव्हा मशिदीकडचे म्हणाले, ही त्यांच्या बायांवर कशाला लिहिते. देवळाकडचे म्हणाले, ही आमच्या बायांवर कशाला लिहिते. बाया काहीच म्हणाल्या नाहीत. त्या चोरून वाचत होत्या.

वर्गात उस्तानीबींना छडीची गरज लागली नाही कधी. एक शब्द पुरायचा. बस. आता त्यांची बोली धड मराठी नाही, धड उर्दू नाही, इकडच्या सगळ्या घरांसारखी. त्यामुळे त्या "बस" म्हणाल्या की अर्धा वर्ग खाली बसायचा, कारण मराठीत बस म्हणजे बस. आणि उरलेला अर्धा गप्प व्हायचा, कारण उर्दूत बस म्हणजे पुरे. कोणतं बस, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्याच वर्गातला हा वकार. आता शहरातल्या कॉलेजात उर्दू शिकवतो. त्याच्या दोन कथा हैदराबादच्या मासिकात आल्या तेव्हापासून तो चालताना मान जरा मागं टाकून चालतो. तरी उस्तानीबींना ऐकवल्याशिवाय तो कथा चारचौघांत वाचत नाही. तेवढी जनाची नाही तरी मनाची आहे.

आज संध्याकाळी शहरात नशिस्त होती. नशिस्त म्हणजे बसणं, बैठक. कथाकार जमतात, एकमेकांचं ऐकतात, वा वा करतात, घरी जाऊन नावं ठेवतात. आजच्या बैठकीला दिल्लीहून संपादक यायचे होते. चारची एसटी गाठायची होती. उस्तानीबींनी एकदा मान हलवली की झालं.

उस्तानीबींनी मान हलवली नाही. त्या पडवीत बसून पेरू कापत होत्या. तीन फोडी केल्या, ताटलीत ठेवल्या, वर मीठ-तिखट भुरभुरलं. एक आपण घेतली, एक त्याच्या हातात दिली.

"एकटाच आलास?"

"नाही. तस्नीम आहे बाहेर. तिला म्हटलं, सावलीत बस, पाच मिनिटांत आलो. दर्ग्यात जाऊन आलो आम्ही आधी."

"आत नाही आली?"

"तिच्यासमोर ही कथा कशी वाचणार? आणि तिला बाहेरच बरं वाटतं."

"असं ती म्हणाली?"

"ती काहीच म्हणत नाही, उस्तानीबी." वकारचा आवाज उतरला. "तीच तर कथा आहे."

उस्तानीबींनी त्याच्या खांद्यावरून अंगणाच्या दाराकडे बघितलं. त्याची पाठ दाराकडे होती.

वाईट नव्हता हो वकार. हे मधेच सांगून टाकलेलं बरं. धाकटी बहीण जालन्याहून परत आली, तेव्हा रिक्षातून तिची पेटी त्यानंच उतरवली. माडीवरची खोली दिली. शेजारपाजारच्यांनी तोंड उघडलं तर म्हणायचा, तिला कुणी त्रास देऊ नका, काही विचारू नका. स्वतःही कधी दिला नाही त्रास. इतका दिला नाही की दोन वर्षांत एक गोष्ट तिला विचारली नाही. रात्री तिचा हुंदका ऐकू आला की हा उठून बसायचा. आणि उठून बसला की लिहायला घ्यायचा.

पुरुषमाणसाला बाईच्या दुःखावर लिहायला सांगा, कागद पुरत नाही. तिच्या चुलीवरचा तवा उतरवायला सांगा, हात भाजतो.

झालं होतं एवढंच. जालन्याला तस्नीमच्या सासरी पंखा दुरुस्त करायला एक माणूस आला होता. तो स्टुलावर उभा आणि ही त्याच्यासमोर पोट धरून हसतेय, अशा वेळी नवरा घरात आला. चार मोठी माणसं बसली. बाई परपुरुषासमोर अशी हसतेच कशी, यावर दुपारभर बोलली. चहा दोनदा झाला. चहा करणारी तीच होती, पण तिला कुणी काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी ती पेटी घेऊन भावाच्या दारात.

वकारनं हे सगळं अहल्येवर घातलं होतं. नवरा म्हणजे शाप देणारा ऋषी. चार मोठी माणसं म्हणजे वर बसलेले देव. इंद्र म्हणजे संशय, कारण इंद्र तिथं आलाच नव्हता. हे त्याला चांगलं सुचलं होतं. बाईचा दगड होतो. येणारेजाणारे त्या दगडावर चपला झटकतात. मग तो चष्मेवाला येतो. दगड उभा राहतो आणि पानभर बोलतो, असं बोलतो की चार देवांच्या दाढ्या पेटतात.

"अहल्या कशाला घेतलीस?" उस्तानीबींनी विचारलं.

"सरळ सांगितलं तर लोकांना झोंबतं. आणि नुसतं झोंबतं, आत जात नाही. हल्लीचा अफसाना असाच आहे, उस्तानीबी. जुनी कहाणी उचलायची आणि तिनंच समाजाच्या थोबाडीत मारायची."

"समाज कुठं राहतो?"

"म्हणजे?"

"थोबाडीत मारायची तर पत्ता नको?"

वकारनं हातातली फोड चावली.

"आणि कुणी म्हणालं नाही, तू मुसलमानाचा पोरगा, तुला अहल्या काय करायची?"

"म्हणाले ना. कॉलेजातच म्हणाले. मी म्हटलं, दगड झालेली बाई कुणाच्या घरात नाही ते सांगा, मग माझी काढून टाकतो."

"हे बरं बोललास."

वकारची मान पुन्हा मागं गेली. त्याला वाटलं, जमलं आता.

उस्तानीबी पुन्हा दाराकडे बघत होत्या. वय झालं, लक्ष लागत नाही, असं वकारला वाटलं. घड्याळाकडे बघायचं त्यानं टाळलं.

"माझ्या आईला ही गोष्ट शेजारच्या कृष्णाबाईनं सांगितली होती," त्या म्हणाल्या. "दोघींचं जातं एकच. एकीनं ओढायचं, एकीनं दाण्यांची वैरण घालायची. कृष्णाबाईच्या गोष्टीत ती दगड झालीच नव्हती."

"मग?"

"तिथंच होती. राखेत बसलेली, वारा खाऊन. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत नव्हती, एवढंच."

"माहितीये मला. ती जुनी रवायत आहे, जुना पाठ. पण दगड जास्त... दगड जास्त भिडतो."

"कुणाला?"

"वाचणाऱ्याला."

"आणि तिला?"

उत्तर नसलं की माणसाचा हात जवळच्या ताटलीकडे जातो. वकारनं तिसरी फोड उचलली आणि खाल्ली.

उस्तानीबींनी त्याला खाऊ दिलं.

"ती हसते ते कशाला?" मग त्यांनी विचारलं. "तुझ्या कथेत. पंखेवाल्यासमोर."

"ते बंड आहे. हजारो वर्षांच्या दावणीवर ती हसते. मी लिहिलंय ना, तिच्या हसण्यानं छताला तडा गेला..."

"बस."

वकार बसलेलाच होता. तो गप्प झाला.

उस्तानीबींनी पहिलं पान उचललं. डोळ्यांपासून लांब धरलं. वर मोठ्या उर्दू अक्षरांत कथेचं नाव होतं. सीन, नून, गाफ.

"नाव मात्र चांगलं दिलंयस," त्या म्हणाल्या. "संग."

"हो ना?" तो खुलला. "एकच शब्द. जड. संग."

"सोबत."

"...काय?"

"संग म्हणजे सोबत. संगत. सत्संगातला संग."

"नाही, नाही, उस्तानीबी. फारसी संग. संगमरवरातला. संग म्हणजे दगड."

"असं होय." उस्तानीबींनी पान खाली ठेवलं. "मी आपला घरातला संग धरला. अक्षरं काय, तीच. म्हणून तर शेवटापर्यंत कान देऊन ऐकत होते. म्हटलं, आता कुणी तिच्यापाशी बसेल, मग बसेल. ऋषी आला, देव आले, चष्मेवाला आला... सगळे उभेच."

पेरूच्या झाडावर पोपट काहीतरी कुरतडत होता. सालं खाली पडत होती.

वकारला राग आला. तो दिसू नये म्हणून त्यानं पानं गोळा केली, कडा जुळवल्या. "शब्दाचा खेळ झाला हा, उस्तानीबी," तो म्हणाला. "कथेत काय चुकलंय ते सांगा. मला संध्याकाळी वाचायचीये. तिला न्याय मिळावा म्हणूनच वाचायचीये. तिच्या सासरची दोघं-तिघं त्या बैठकीला असतात. ऐकू दे त्यांना."

"नाव बदललंयस ना तिचं?"

"बदललंय."

"पंखा?"

"पंखा... आहे."

"स्टूल?"

पंखा होता, स्टूल होतं, पोट धरून हसणं होतं. जालन्याचं काय आणि शहराचं काय, आज रात्री जेवायच्या आत दहा घरांत कळणार होतं की ही कुणाची बहीण. दोन वर्षं लागली होती लोकांना तो विषय सोडायला.

"तिला विचारलंस?"

"दगडाला कसं विचारणार?" वकार म्हणाला. आणि बोलता बोलता त्याचा आवाज फाटला. "मी रोज बघतो तिला, उस्तानीबी. ताट वाढून देते, ताट उचलते. हो म्हणते, नाही म्हणते. तिसरा शब्द नाही. माझी बहीण होती ती. शाळेतनं येताना घाटापर्यंत बडबडत यायची... दगड नाही तर काय म्हणू मी?"

उस्तानीबींनी पदरानं सुरी पुसली. त्यांचा चेहरा मऊ झाला होता. तरी बोलल्या त्या सुरीसारखंच.

"तुला दगडच हवाय तर एक काम कर. माझ्या दारात एक दगड आहे. लोक चपला काढायला त्यावर टेकतात. तो उचलून आत आण."

"आत्ता?"

"बघू तरी कसा असतो."

"उस्तानीबी, चारची गाडी..."

"डोंगर नाही तो. दोन हातांत येतो."

वकार उठला. वर्गात उठायचा तसाच, मनात चरफडत. दाराबाहेर आला आणि थबकला.

दगडावर तस्नीम बसली होती.

तो तिला सावलीत बसवून गेला होता. सावली केव्हाच भिंतीकडे सरकली होती. ती उन्हात होती. ओढणी कपाळापर्यंत ओढलेली, घाम हनुवटीवरून गळत होता, हात मांडीवर. दार उघडं होतं. तिथून पडवी दिसत होती, आणि पडवीतली रिकामी ताटली पण.

वकारला काय बोलावं सुचेना. सुचलं ते असं.

"ऊठ जरा, तस्नीम. दगड आत न्यायचाय."

तस्नीमनं वर बघितलं.

"मग मी कुठं बसू?"

कथेतल्या दगडाला त्यानं पानभर बोलायला लावलं होतं. एकेक वाक्य तीनतीनदा खोडून लिहिलं होतं. ही तीनचार शब्दांतच मोकळी झाली. त्यानं भिंतीला हात टेकला.

"...सरकतेस?" तो म्हणाला.

ती सरकली. दगड दोघांपुरता नव्हताच. त्याचं अर्धं अंग बाहेर लोंबत होतं. बुडाखाली दगड तव्यासारखा तापलेला होता, कापडातनं चटका बसला. ही यावर केव्हापासून बसली होती.

थोडा वेळ दोघं समोरच्या रस्त्याकडे बघत बसली. एक म्हातारा शेळ्या घेऊन गेला.

"वाचून झालं?" तस्नीमनं विचारलं.

"झालं."

"माझ्यावरच आहे ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तू मला आत नाही नेलंस."

वकारनं चष्मा काढला. पुसायला काही नव्हतं, पण काढला.

"भाई, मी काय म्हणते त्यात?"

"तू... पुष्कळ म्हणतेस. पान भरून."

"एवढी मी कधी बोलले?" ती म्हणाली. आणि मग जरा थांबून, "लहानपणी बोलायचे."

"हो. घाटापर्यंत."

म्हाताऱ्याची एक शेळी मागं राहिली होती. ती आली, वकारनं दाराशी काढलेल्या चपलेचा तिनं वास घेतला. तस्नीमनं पाय आपटून तिला हाकललं. तिच्या तोंडाचा कोपरा हलला.

वकारनं तो बघितला. दोन वर्षांत बघितला नव्हता.

"तस्नीम..." त्यानं विचारलं, "त्या दिवशी तू हसलीस कशाला?"

ती हाकललेल्या शेळीकडे बघत होती.

"शेळीमुळं," ती म्हणाली.

"शेळी?"

"सासूबाईंची. पंखेवाल्यानं चपला दारात काढल्या होत्या. तो स्टुलावर, दोन्ही हातांनी पंखा डोक्यावर धरलेला. सोडला तर पंखा खाली. आणि शेळीनं त्याची चप्पल तोंडात धरली. नवी होती रे. तो वरून ओरडतोय, बाई, माझी चप्पल, बाई, माझी चप्पल... मी धावले तर ती चपलेसकट पलंगाखाली. मी वाकले, तर दुसऱ्या बाजूनं बाहेर. आणि हा वर पंखा धरून गोल गोल फिरतोय. पंखा फिरायचा सोडून हाच फिरतोय..."

तिला पुढं बोलता येईना. ती पोट धरून हसायला लागली. ओढणी मागं पडली. वकारनं आधी तोंड दाबून धरलं, मग त्याचंही सुटलं. तो हसता हसता दगडावरून घसरला, तिनं दंडाला धरून वर ओढलं. दोघं हसत होती आणि दोघांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यातलं कोणतं कशाचं, ते त्यांचं त्यांना माहीत.

"मग मिळाली चप्पल?" त्यानं कसंबसं विचारलं.

"एक मिळाली," ती म्हणाली. "दुसरी मिळायच्या आत हे घरात आले."

हसू तिथं थांबलं. पण तिचा चेहरा पुन्हा मिटला नाही. तिनं ओढणी डोक्यावर घेतली आणि तिच्याच टोकानं भावाच्या कपाळावरचा घाम पुसला.

"हे कुणालाच सांगितलं नाहीस तू?" वकारनं विचारलं.

"कुणी विचारलंच नाही ना, भाई."

बाजाराकडून एसटीचा भोंगा वाजला. एकदा, मग पुन्हा. चारची होती. वकारनं मान तिकडे वळवली. मांडीवर कथेची पानं होती, ऊन त्यांवर पडलं होतं, वरचा शब्द लखलखत होता. सीन, नून, गाफ.

गाडी शहराच्या रस्त्याला लागली. आवाज लांब गेला.

मागं चाहूल लागली. उस्तानीबी उंबऱ्यात उभ्या होत्या. हातात ताटली, ताटलीत नवा कापलेला पेरू. त्यांनी ती तस्नीमच्या मांडीवर ठेवली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तस्नीमनं एक फोड उचलली, मीठ झटकलं, खाऊ लागली.

उस्ताद समोर आले की शागिर्दानं उभं राहायचं, ही लहानपणची सवय. वकार दगडावरून अर्धा उठला. पानं छातीशी धरून, वाकलेला, ना धड उभा ना बसलेला.

"उस्तानीबी," तो म्हणाला, "गाडी गेली. आता या कथेचं मी काय करू? शेवट बदलू? की शेळी घालू? की फाडून टाकू? तुम्ही सांगाल ते..."

उस्तानीबींनी त्याच्याकडे बघितलं, मग दगडावरच्या त्या वीतभर रिकाम्या जागेकडे.

"बस."